दुखतंय हे मावशींना आधी कळतं

मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाला पोट साफ राहण्याचं औषधही सोबत द्यावं लागतं. खरं की खोटं? पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी शुश्रूषा, ही रुग्ण हाताबाहेर गेल्यावरच सुरू करायची असते. खरं की खोटं? हे काम करायचं तर मन कोरडं ठेवावंच लागतं. खरं की खोटं?

अशा आशयाची वीस विधानं असलेली एक प्रश्नावली कॅनडातल्या मार्गारेट रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली परिचारिकांसाठी प्रसिद्ध केली. वरचं पहिलं विधान खरं, पुढची दोन खोटी. परिचारिकांना या शुश्रूषेची कितपत जाण आहे, हे तपासायला ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. नर्सिंग होममध्ये ही तपासणी फार मोलाची ठरते. युरोप-अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं चार खाटांचं खासगी इस्पितळ नव्हे. अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध तिथे राहायला येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवट तिथेच होतो.

मग तिथल्या कर्मचाऱ्यांना किती ठाऊक असतं? बेल्जियम, नेदरलँड्स, इंग्लंड, फिनलंड, पोलंड आणि इटली या सहा देशांतल्या ३२२ नर्सिंग होममध्ये एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. परिचारिका आणि मदतनीस मिळून दोन हजारांवर लोकांनी उत्तरं दिली. पॅलिएटिव्ह केअरच्या अगदी प्राथमिक ज्ञानात शून्य ते एक या मापावर सर्वांत पुढे असलेल्या बेल्जियमला मिळाले ०.६१ आणि सर्वांत मागे असलेल्या पोलंडला ०.२०. शरीराच्या कोणत्या तक्रारींमुळे दुखतं हे मात्र सगळीकडेच बऱ्यापैकी माहीत होतं. मनाच्या कारणांनीही दुखणं वाढतं, हे काही देशांत त्या मानाने कमी लोकांना ठाऊक होतं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स हेच तर आयुष्यभर सांगत राहिल्या. डॉक्टर होण्याआधी त्या स्वतः परिचारिका होत्या, हा योगायोग नसावा.

या अज्ञानाची किंमत रुग्ण मोजतो. सुझन मिचेल यांनी बॉस्टन परिसरातल्या २२ नर्सिंग होममधल्या, प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्या ३२३ रहिवाशांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं. त्यांतले निम्म्याहून अधिक त्या काळात गेले. सुमारे ८६ टक्के जणांना खाण्यापिण्याच्या अडचणी आल्या, ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. गेलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना शेवटच्या तीन महिन्यांत इस्पितळात हलवणं, सलाईन, नळीने अन्न असे काही ना काही क्लेशदायक उपचार सोसावे लागले. पण ज्यांच्या नातेवाइकांना आजार कुठल्या वळणावर आहे आणि पुढे काय होणार हे नीट समजलेलं होतं, त्यांच्या वाट्याला असे उपचार बरेच कमी आले. नातेवाइकांना हे समजावून सांगणार कोण? डॉक्टर फेरी मारून जातात. घरचे येतात तेव्हा खाटेशी असते ती परिचारिका.

बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं ओळखणं हा या कामाचा सर्वांत अवघड भाग. एखाद्या आजींना सकाळी स्पंजिंगसाठी कुशीवर वळवलं की त्या हात झटकतात, ओरडतात, चिमटा काढतात. ड्युटी बदलताना पुढच्या बाईला निरोप जातो, ‘आजी फार चिडक्या आहेत, सांभाळून.’ दोन दिवसांनी शांत राहण्याची गोळी सुरू होते. खुब्यात दुखत असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. नॉर्वेतल्या बेटिना हुसेबो यांनी नेमकी हीच शंका तपासली. १८ नर्सिंग होममधल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या आणि अस्वस्थ वागणाऱ्या ३५२ रहिवाशांपैकी अर्ध्या गटाला आठ आठवडे टप्प्याटप्प्याने वेदनाशामक दिली. त्यांतल्या बहुतेकांना दिलं होतं साधं पॅरासिटामॉल. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि आजही ते प्रत्येक वृद्धाश्रमाच्या भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे.

दुखणं ओळखायला यंत्र लागत नाही. पेनॅड नावाची मोजपट्टी पाच गोष्टी बघायला सांगते: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. दहावी शिकलेली मदतनीसही हे थोड्या सरावाने करू शकते, कारण अंग पुसताना कपाळावरची आठी सर्वांत आधी तिलाच दिसते.

भीती मात्र ज्ञानापेक्षा चिवट असते. मॉर्फिन दिलं की माणूस जातो, हा समज परिचारिकांमध्येही खोल आहे. उलट योग्य मात्रेतलं मॉर्फिन शेवटच्या दिवसांतली धापही कमी करतं. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणंच दुरापास्त झालं होतं. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा बदलला. खाणं थांबलं की नळी टाकलीच पाहिजे, नाहीतर उपाशी मारल्यासारखं होतं, हीसुद्धा अशीच एक भीती. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. माणसाला टेकून बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, छोट्या चमच्याने भरवणं आणि घोट गिळल्याशिवाय पुढचा न देणं हेच बरं. याला वेळ लागतो, आणि कमी माणसांत चालणाऱ्या जागी वेळ हीच सर्वांत महाग गोष्ट असते.

म्हणूनच नुसतं प्रशिक्षण पुरत नाही. सहा देशांतली ती पाहणी ज्या युरोपीय प्रकल्पात झाली, त्याच प्रकल्पात सात देशांतल्या ७८ नर्सिंग होममध्ये प्रशिक्षणाचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम घेऊन पाहिला. सेवेचा दर्जा काहीसा सुधारला, पण रहिवाशांच्या शेवटच्या आठवड्यातल्या आरामात फरक पडला नाही. हा निकाल निराश करणारा असला तरी त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. एकेका परिचारिकेच्या गळ्यात इतके रहिवासी असतील तर शिकलेलं वापरणार कधी?

महाराष्ट्रात या कामाचे जाणते लोक आहेत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची अशी शुश्रूषा करत आहे. पण शहरोशहरी उभे राहिलेले वृद्धाश्रम आणि केअर सेंटर बहुतांशी ब्यूरोतून आलेल्या मावशींवर आणि मामांवर चालतात. कूस बदलणं, डायपर, भरवणं हे त्या कामावर रुजू झाल्यावर एकमेकींचं बघून शिकतात. शेवटची घरघर लागली की घाबरून रुग्णवाहिका बोलावतात. तो आवाज घशातल्या स्रावाचा असतो, माणूस सहसा गुदमरत नसतो, आणि कुशीवर वळवलं तर अनेकदा तो कमीही होतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आईवडिलांना अशा ठिकाणी ठेवणारी मुलं खोली हवेशीर आहे का, जेवण सात्त्विक आहे का, सीसीटीव्ही आहे का, हे आवर्जून विचारतात. त्याच बैठकीत आणखी काही विचारायला हवं. रात्री एका बाईकडे किती माणसं असतात? बोलता न येणाऱ्यांचं दुखणं तुम्ही कशावरून ओळखता आणि ते कुठे लिहून ठेवता? मॉर्फिन लिहून देणारे डॉक्टर तुमच्या ओळखीत आहेत का? आणि मावशींना हे सगळं कुणी, कधी शिकवलं?