वेश शिक्षकाचा, साक्ष इतिहासाची

इतिहासाच्या तासाला शिक्षकाने त्या काळातल्या माणसाचा वेश करून वर्गात यावे आणि धडा त्या माणसाच्या तोंडून सांगावा, ही अध्यापनाची एक मान्य रीत आहे. शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयांत ती नाट्यीकरण पद्धती या नावाने शिकवली जाते. महाराष्ट्रातील शाळांत तिचे ओळखीचे रूप ३ जानेवारीला दिसते. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला कितीतरी शाळांत शिक्षिका आणि मुली नऊवारी लुगडे नेसून सावित्रीबाई होतात. १८४८ साली पुण्यात सुरू झालेली मुलींची शाळा, वाटेत अंगावर पडलेला चिखल आणि शेण, पिशवीत ठेवलेले दुसरे लुगडे हे सारे ‘मी’ म्हणून सांगितले जाते. जयंतीपुरता राहिलेला हा वेश रोजच्या तासाला आला, तर इतिहासाचे शिकणेच बदलते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तेव्हा सगळी पात्रे एकटाच उभी करतो. शाहीर डोक्याला फेटा बांधून, हाती डफ घेऊन लढाई ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आणतो. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातलाच आहे. अलीकडच्या काळात सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग गावोगावी नेला. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने १९८५ पासून शिवचरित्र भव्य रंगमंचावर मांडले.

वर्गातल्या प्रयोगांचा इतिहासही शंभर वर्षांपलीकडे जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात हॅरिएट फिनले-जॉन्सन या खेड्यातल्या शिक्षिकेने मुलांकडून इतिहासाचे प्रसंग वठवून घेतले. भारतात गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकात गोष्टी आणि नाटकांतून शिकवणारा शिक्षक रंगवला. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्रात आणला. पुढे इंग्लंडमध्येच डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याचे तंत्र पक्के केले. त्यात अभिनयाच्या कौशल्यापेक्षा मुलांशी होणाऱ्या संवादाला महत्त्व आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही गोष्ट आणि कला यांच्या आधारे शिकवण्यावर भर दिला आहे.

मुळशीची सामग्री

या पद्धतीला लागणारी सामग्री पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात गावाच्या शिवारातच आहे. कोरीगड आणि घनगड हे किल्ले याच तालुक्यात आहेत. पौड आणि मुठा खोऱ्यांचा हा मुलूख शिवकाळात मावळ म्हणूनच ओळखला जाई. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचा मुळशी सत्याग्रह इथलाच. टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले. पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याला न्यायचे, तिथे वीज करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी योजना होती. भाताच्या सुपीक जमिनी आणि पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने या जमिनी घेतल्या जात होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागी जमले आणि त्यांनी काम अडवले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात पुढे होते आणि त्यातूनच ते सेनापती बापट झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. अटका झाल्या, शिक्षा झाल्या, बायकाही लढ्यात उतरल्या. १९२४ नंतर लढा ओसरला आणि धरण पुरे झाले.

या विषयाला वेशभूषा कशी लावावी? पहिल्या तासिकेला शिक्षक डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी आणि हातात भाताची लोंबी घेऊन येतात. ते १९२१ सालचे कूळ आहेत. मुले विचारतात: जमीन तुमची का? भरपाई तुम्हाला मिळणार का? जमीन कसतो आपण आणि कागदावर नाव सावकाराचे, हे कुळाच्या उत्तरातून उलगडते. दुसऱ्या तासिकेला तेच शिक्षक कोट आणि साहेबी टोपी घालून, मोजणीची साखळी घेऊन कंपनीचे मोजणीदार होतात. मुंबईच्या गिरण्यांना वीज का हवी, हे ते सांगतात. तिसऱ्या वेळी पगडी आणि उपरणे घेतलेले पुण्याचे सावकार येतात. त्यांना भरपाई घेऊन मोकळे व्हायचे आहे. तिघांचे ऐकल्यावर कोणाचे म्हणणे कुठवर खरे, हे वर्गाला तोलावे लागते. तिघांच्याही बोलण्यात गोष्टी खऱ्या असतात, पण प्रत्येकाचे हित वेगळे असते. ही समज व्याख्यानाने सहज येत नाही.

मोठ्या पुढाऱ्याचा वेश करण्यापेक्षा साध्या माणसाचा वेश अधिक उपयोगी, तो याच कारणाने. पुढाऱ्याच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालणे बरे नाही. त्याच्यापुढे मुले हात जोडतात, प्रश्न विचारत नाहीत. साध्या साक्षीदाराला मात्र ती निःसंकोच अडवतात आणि ‘ते मला ठाऊक नाही’ असे तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

वेश आणि पुरावा

वेशासाठी फार खर्च लागत नाही. घोंगडी, टोपी, कंदील यांतली एखादी खरी वस्तू पुरते. पण ती त्या काळाची हवी. शिवकाळाचा वेश ठरवताना चित्रपटांवर विसंबू नये. सतराव्या शतकात दख्खनी शैलीत काढलेली शिवाजी महाराजांची चित्रे उपलब्ध आहेत. त्यांत पायघोळ जामा, कमरेचा पटका आणि तुरा लावलेली पगडी दिसते. नेहमीचे कॅलेंडरवरचे चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवले, तर वेश हाच इतिहासाचा धडा होतो. जात किंवा धर्म यांची टिंगल होईल असा वेश आणि बोली मात्र कटाक्षाने टाळावी. पराभूत पक्षाची भूमिका एखाद्या मुलाच्या माथी मारू नये. ती शिक्षकांनी स्वतः घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा भाग वेश उतरवल्यावर सुरू होतो. मुंडासे काढून शिक्षक पुन्हा शिक्षक होतात आणि फळ्यावर दोन रकाने आखतात. पुराव्याने ठाऊक असलेले एका रकान्यात, कल्पनेने भरलेले दुसऱ्यात. रामनवमीची तारीख, धरणाची जागा, बापटांची शिक्षा पहिल्या रकान्यात जातात. कुळाचे नाव, त्याची बोलण्याची ढब दुसऱ्यात. पहिला रकाना तपासायला साधने आहेत: धरणापूर्वीच्या मुलखाचे वर्णन असलेले १८८५ चे पुणे जिल्हा गॅझेटियर, त्या काळची वृत्तपत्रे, सत्याग्रहात स्वतः असलेल्या भुस्कुट्यांचे लेखन आणि राजेंद्र व्होरा यांचे या लढ्यावरचे संशोधन. विस्थापित घरांतल्या आठवणी मुलांनी आजी-आजोबांकडून लिहून आणाव्यात आणि त्याही पुराव्याशी ताडून पाहाव्यात. ही पायरी गाळली, तर मुले शिक्षकांनी रचलेले संवादच इतिहास म्हणून लक्षात ठेवतात.

प्रत्येक धड्याला वेश लागत नाही. सनावळी, नकाशे, कायद्यांची कलमे फळ्यावरच नीट समजतात. जिथे एकाच घटनेकडे पाहण्याच्या अनेक बाजू आहेत, तिथे ही पद्धत उपयोगी पडते. वर्षातून असे तीन-चार धडे निवडले आणि त्यांची तयारी नीट केली तरी पुरे. तास साधला की नाही, हे टाळ्यांवरून ठरवू नये. मुलांनी किती नेमके प्रश्न विचारले आणि माहीत असलेले व मानलेले यांतला फरक त्यांना सांगता आला का, यावरून ते ठरवावे.