जुन्या मोटारसायकलीचा नवा रंग

पुष्कळ घरांच्या ओसरीवर किंवा जिन्याखालीं वडिलांची अथवा आजोबांची एखादी मोटारसायकल धूळ खात उभी असते. ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझ्दी असेल, तर तिच्याविषयींची ममता अधिकच. कारण तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. घरांतील तरुण ती पुन्हां चालती करण्याचें मनावर घेतो, आणि लौकरच प्रश्न निघतो तो रंगाचा. हल्लीं यासाठीं ‘पावडर कोटिंग’ ही पद्धत बरीच रूढ आहे. ती कशी चालते व काम कोणाच्या हातीं द्यावें, हें वडीलधाऱ्यांनींहि समजून घ्यावें. कारण येथें पैशाइतकाच जिवाचाहि प्रश्न आहे.

नेहमींच्या रंगांतील पातळ द्रव्य उडून गेलें म्हणजे रंग वाळतो. पावडर कोटिंगमध्यें असें द्रव्य नसतेंच. राळेची बारीक रंगीत पूड विद्युत्‌भारित करून फवारतात. धातूचा भाग तारेनें जमिनीशीं जोडलेला असल्यामुळें ती त्यास चिकटते. मग तो भाग भट्टींत सुमारें १८० ते २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. पूड वितळून एकजीव होते व तिचें कठीण कवच बनतें. उन्हांत राहणाऱ्या भागांस पॉलिएस्टरची पूड घ्यावी. एपॉक्सीची उन्हानें खडूसारखी पांढुरकी पडते.

परंतु कवच कितीहि कठीण असलें तरी त्याचा टिकाव पूर्वतयारीवर अवलंबून असतो. जुना रंग व गंज बारीक कणांच्या फवाऱ्यानें पार काढावा, तेलकटपणा धुवावा, लोखंडावर फॉस्फेटचा थर द्यावा. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, उघडें लोखंड कांहीं तासांतच गंजूं लागतें; म्हणून पूड त्याच दिवशीं चढविणें उत्तम.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, रंग हा दोष झांकतो, दुरुस्त करीत नाहीं. चासी उघडी पडली कीं तिचे सर्व जोड जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत. त्या वेळीं सुटलेली भेग नव्या तुकतुकीत थराखालीं दडते आणि भर रस्त्यांत प्रकट होते. पेट्रोलच्या टाकीविषयीं तर विशेष सावध असावें. रिकाम्या टाकींतहि वाफ उरते व ती पेट घेऊं शकते. शिवाय कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या सुमारासच वितळूं लागतो. सायलेन्सरला साधी पूड टिकत नाहीं. रबरी बुश व बेअरिंग आधींच काढावेत. आटे व बेअरिंगच्या जागा उष्णता सोसणाऱ्या पट्टीनें झांकाव्यात. चासीचा क्रमांक थराखालीं बुजतां कामा नये.

आतां दुकानाविषयीं. पुण्याजवळील भोसरी, चिंचवड किंवा नाशिकजवळील अंबड, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत हें काम करणारे मिळतात. मात्र खिडक्यांच्या जाळ्या व कपाटें रंगविणारा प्रत्येक जण मोटारसायकलीचें काम नीट करीलच असें नाहीं. भट्टींत सबंध चासी मावते काय, गंज तेथेंच काढतात काय, आटे कसे झांकतात, हें विचारावें. उत्तर देण्यास जो कंटाळतो, त्याचें दुकान सोडावें. आधीं एखादा लहानसा भाग करवून पाहावा. नको असलेल्या तशाच तुकड्यावरील थरावर धारदार पात्यानें आडव्याउभ्या रेघा मारून चिकटपट्टी लावावी व झटक्यानें ओढावी. थराचे तुकडे निघाले तर पूर्वतयारी कच्ची समजावी. दिलेल्या भागांची यादी दोन प्रतींत करून एकीवर दुकानदाराची सही घ्यावी. लहान कंस व पट्ट्या याच वेळीं हरवतात.

दर केवळ स्वस्त म्हणून कोणी पसंत करूं नये. वाईट बसलेला थर काढणें हें नवा चढविण्याहून कष्टाचें असतें, आणि गाडी वापरणारा आपल्याच घरांतील असतो.