आवाज उतरला, तरी मंडळ सोडू नका

पासष्टी ओलांडलेल्या स्त्रिया दवाखान्यात गुडघे, साखर आणि झोप यांविषयी सविस्तर बोलतात. मग औषधांची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता सांगतात की, आवाज लागत नाही म्हणून हल्ली भजनाला जाणे सोडले आहे. ही गोष्ट त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत. घरच्यांनाही तीत काही विशेष वाटत नाही. वय झाले, आवाज गेला, इतकाच तिचा अर्थ लावला जातो. माझ्या मते मात्र या वाक्याकडे चिठ्ठीवरच्या औषधांइतकेच लक्ष द्यायला हवे. भजनी मंडळ सुटले की देवळापर्यंतचे चालणे, उठबस, दीर्घ श्वास, पाठांतर आणि चार जणींची संगत हे सारे एकदम सुटते. आणि ज्या कारणाने ते सुटले, ते कारण पुष्कळदा दूर करता येण्याजोगे असते.

पनवेलजवळचे आमचे विचुंबे आता अर्धे गावठाण आणि अर्धे इमारतींचे झाले आहे. त्यामुळे बायकांचे गाणेही येथे दोन वाटांनी येते. इमारतींमधल्या महिला मंडळांत कोकणातून, घाटावरून, मुंबईतून आलेल्या स्त्रिया पेटी आणि टाळ घेऊन हरिपाठ, गौळणी, भारुडे म्हणतात. नव्या चालींवर बसवलेली भक्तिगीतेही त्यांच्या वहीत असतात. दुसरी वाट पनवेल-उरणच्या आगरी घरांतली. तेथे लग्नाचे विधी धवळे गाऊन पार पाडणारी धवलारीण अजून आहे. वही नाही, पेटी नाही. एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने ती झेलायची. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे निराळे आणि सगळे मुखोद्गत. हळदीच्या रात्री बेंजो आणि डीजे आल्यापासून या गाण्याला उसंत मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

‘धवळे’ हा शब्द मराठी वाङ्मयात फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने धवळे रचले. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरील त्या रचनेमुळे महदंबा मराठीची आद्य कवयित्री ठरली. त्याही आधी, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद केली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. डॉक्टराच्या नजरेने पाहिले तर या परंपरेत एक गोष्ट ठळक दिसते. गाणे हे शरीराच्या कामाला जोडलेले होते. जाते ओढताना दम पुरेल एवढीच ओळ आणि ओळ पुरेल एवढाच दम. जाते गेले, कांडण गेले. त्या श्रमाचा थोडासा उरलेला अंश आज भजनी मंडळात शिल्लक आहे.

आता आवाज का उतरतो ते पाहू. स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात. बोलताना स्त्रीच्या पट्ट्या सेकंदाला साधारण 200 वेळा कंप पावतात. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके कमी होतात, या पट्ट्यांवरचे आवरण बदलते, कोरडेपणा येतो आणि स्त्रीचा आवाज हळूहळू खाली सरकतो. पुढे पट्ट्यांमधला स्नायू बारीक होतो. दोन पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, मध्ये फट राहते आणि त्या फटीतून हवा निसटल्यामुळे स्वर फुसफुसल्यासारखा येतो. बरगड्यांचा पिंजराही ताठर होतो, त्यामुळे एका दमात पूर्वीएवढी लांब ओळ म्हणता येत नाही. हे सारे केस पिकण्यासारखे आहे. तो आजार नव्हे. मात्र स्नायू न वापरल्यास तो अधिक झिजतो, हा नियम मांडीला जसा लागू आहे तसाच गळ्यालाही. म्हणजे आवाज उतरला म्हणून गाणे थांबवावे, तर आवाज आणखी उतरतो.

येथे पेटी वाजवणाऱ्या ताईंना एक विनंती. बहुतेक महिला मंडळांत सूर काळी चार किंवा काळी पाच असतो, कारण तो तरुण गळ्यांना सोयीचा आहे. सत्तरीच्या बाईला तो झेपत नाही. ती काही दिवस ओरडून गाते, घसा दुखवून घेते, मग नुसती टाळ वाजवत बसते आणि पुढे यायचीच बंद होते. तोच अभंग काळी तीनवर किंवा पांढरी चारवर घ्या. देवाला फरक पडणार नाही. मागच्या रांगेतल्या तीन-चार जणी मात्र पुन्हा गाऊ लागतील. नव्या चालीची उंच उडीची गाणी तरुणींनी म्हणावीत, हरिपाठ सर्वांना पेलेल अशा सुरात असावा. एवढ्या एका बदलाने कित्येकींची जागा राहील.

गाण्याचे फायदे सांगताना आपल्याकडे अतिशयोक्ती फार होते, म्हणून जे पारखले गेले आहे तेवढेच सांगतो. सॅन फ्रान्सिस्को शहरातील 12 ज्येष्ठ नागरिक केंद्रांतून 390 जणांना घेऊन समूहगानाचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. सहा महिने गायलेल्या मंडळींचा एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्ती किंवा शारीरिक क्षमता यांत मात्र लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. इंग्लंडमध्ये साठीपुढच्या 258 जणांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 14 आठवड्यांच्या समूहगानानंतर मानसिक स्वास्थ्य सुधारलेले दिसले. इटलीतील संशोधकांनी 2001 साली 23 जणांना जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. हरिपाठाला तोच आकडा चिकटवण्याचे कारण नाही. परंतु लांब ओळ, मग छोटा श्वास, मग पुन्हा लांब ओळ ही त्याची घडण त्याच जातीची आहे. गाण्याने मधुमेह जात नाही, रक्तदाबाची गोळी सुटत नाही. एकटेपणा कमी होतो, आणि माझ्या पेशात एकटेपणावर लिहून देण्याजोगी गोळी नाही.

मंडळ सोडण्याची खरी कारणे बाया सहसा सांगत नाहीत. ती विचारावी लागतात. सर्वांत दडवले जाणारे कारण म्हणजे लघवी निसटणे. उंच स्वर जोर लावून घेतला, हसू आले किंवा खोकला आला की दोन-चार थेंब जातात. देवासमोर असे झाले या कल्पनेनेच ती बाई पुन्हा येत नाही, आणि घरी सांगते की आवाज लागत नाही. यावर उपाय आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. व्यायाम करताना श्वास रोखू नये. साधारण तीन महिन्यांत पुष्कळ जणींना फरक पडतो. न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. लाजेपोटी पाणी पिणे कमी करणाऱ्या स्त्रियांचा घसा अधिक कोरडा पडतो आणि मूत्रमार्गाचा संसर्ग वेगळाच.

दुसरे कारण गुडघे. देवासमोर खुर्चीत कसे बसायचे, हा संकोच खरा आहे. तो मंडळाने मोडावा: भिंतीकडेला चार खुर्च्या कायमच्या ठेवाव्यात आणि मंडळातल्या मानाच्या आजींनी सर्वांत आधी तेथे बसावे. तिसरे कारण कान. ऐकू कमी आले की सूर सुटतो, शेजारीण वळून बघते आणि मन खट्टू होते. कान तपासून घ्यावा. कधी कधी नुसता मळ काढल्यानेही काम भागते. ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी मात्र कोणीच बसू नये.

घशासाठी घरोघरी जे उपाय चालतात त्यांविषयी थोडे. आपण जे गिळतो ते स्वरयंत्राच्या पट्ट्यांना स्पर्श करत नाही. तसे झाले तर ठसका लागतो. त्यामुळे मध, आले, गुळण्या यांनी घशाला आराम वाटेल, पट्ट्यांवर लेप बसणार नाही. मधुमेह असणाऱ्यांनी खडीसाखर तोंडात धरून बसू नये. ज्येष्ठमध तर अधिक जपून. तो रोज आणि भरपूर चघळल्यास रक्तदाब वाढू शकतो व शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या कित्येक गाणाऱ्या आजींच्या पिशवीत ज्येष्ठमधाच्या कांड्या सापडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. खरा उपयोग साध्या पाण्याचा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच. भजनाहून उशिरा परतून पोटभर जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल वर येते आणि सकाळी आवाज घोगरा लागतो; अशा दिवशी भजनाआधीच जेवून घ्यावे. दम्याचा स्टेरॉइड असलेला पंप वापरणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. तसे वाटल्यास गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे, दुसरी देता येते. थायरॉइड मंदावल्यानेही आवाज जड होतो.

घरी पाच मिनिटांचा एक सराव करता येतो. पेल्यात चार बोटे पाणी घ्यावे, त्यात स्ट्रॉ बुडवावी आणि बुडबुडे काढत ‘ऊ’ असा सोपा स्वर लावावा; थोडा खाली, थोडा वर. पट्ट्यांवर ताण न येता त्या जागच्या जागी हलत्या राहतात. त्यानंतर ओठ मिटून गुणगुणावे. घसा सतत खाकरणे टाळावे. कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती, असेही समजू नये.

काही वेळा मात्र थांबायचेच नसते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या स्त्रियांनी तर एक दिवसही जास्त घालवू नये. गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा श्वास घेताना घरघर असेल तर तीन आठवडेही वाट पाहू नये. बोलणे एकाएकी अडखळले, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला तर तो पक्षाघात असू शकतो. तासाभराचा उशीरही महाग पडतो. आणि ताप-खोकला असताना भजनाला जाऊ नये. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्च 2020 मध्ये एका गायनवृंदाच्या सरावाला 61 जण होते; त्यांतील 53 जणांना करोनाची बाधा झाली असावी असे आढळले आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद खोलीत दाटीवाटीने गाताना श्वास दूरवर जातो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना गाण्याचा आणखी एक उपयोग आहे. पक्षाघातानंतर बोलता न येणारी व्यक्ती पुष्कळदा पाठ असलेल्या गाण्याची ओळ शब्दांसकट म्हणू शकते. याच निरीक्षणावरून 1973 साली अमेरिकेत सुरांच्या आधाराने वाचा शिकवण्याची एक पद्धत तयार झाली. घरी ओळ म्हटली म्हणजे बोलणे परत आले असे नव्हे. पण वाचा-उपचार करणाऱ्यांना हे अवश्य सांगावे. स्मृतिभ्रंशातही सकाळचे जेवण न आठवणारी आई ओवीचा शेवटचा चरण बरोबर लावते. आंघोळ घालताना, जेवू घालताना ती अडून बसली, तर समजावण्याऐवजी तिच्या ओळखीचे गाणे सुरू करून पाहावे. चुकलेला शब्द दुरुस्त करू नये. रोजच जमेल असे नाही. जमते त्या दिवशी दोघींचेही श्रम वाचतात.

ज्या घरात धवळे येणाऱ्या आजी आहेत, त्या घरातल्या नातवंडांनी मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करावेत. अर्थात आजींना विचारून, आणि पुढे कोणाला पाठवायचे तेही त्यांनाच विचारून. सकाळी आवाज जड असतो, म्हणून चहानंतर तास-दीड तासाने बसावे. पंखा बंद, पाणी जवळ, सूर त्यांना येईल तो. धवळे लांब असतात, ते एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. पंधरा-वीस मिनिटे झाली की थांबावे, उरलेले उद्या. शक्य असेल तर ओळ झेलणाऱ्या त्यांच्या जोडीदारणीलाही बोलवावे, कारण एकटीला पुष्कळदा पुढची ओळ आठवत नाही आणि समोरून सूर आला की ती आपोआप येते.