पुराचे पाणी व शाळेचे कर्तव्य

कऱ्हाडास कोयना व सांगलीजवळ हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते. म्हणून सांगलीत पाऊस नसतानाही घाटमाथ्यावरील पर्जन्याने व धरणांतील विसर्गाने पाणी चढते. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच महापुरात ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. तात्पर्य, वाटा कोरड्या आहेत तोवरच गाव सोडावे. शिक्षकांनी मुलांस गावातील जुन्या पुराच्या खुणा दाखवाव्यात. बुडालेला पूल ओलांडू नये, भरल्या नावेत चढू नये, हे त्यांच्या मनावर बिंबवावे. असे मूल घरच्या वडीलधाऱ्यांसही वेळीच सावध करील.