वजन परत मागणारी मुलगी

बारावीच्या वयाची एक मुलगी जिन्यावरून घसरते. खालून वर येणारा वर्गमित्र तिला झेलतो आणि चक्रावून जातो. मुलीचं वजन जेमतेम 5 किलो! ‘बाकेमोनोगातारी’ या जपानी अॅनिमेशन मालिकेची ही सुरुवात. निशिओ इशिन यांच्या 2006 सालच्या पुस्तकावरून शाफ्ट या स्टुडिओनं ती 2009 साली केली. नावाचा अर्थ साधारण ‘भुताखेतांच्या गोष्टी’. प्रत्यक्षात भुतं थोडी आणि बोलणं फार!

जपानी कार्टून म्हणजे मारामारी, अशी आपली समजूत. इथे दोन माणसं एका जागी बसून वीस वीस मिनिटं बोलतात. थट्टा, टोमणे, शब्दांच्या कोट्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मधूनच पडदाभर अक्षरं झळकतात आणि वाचायच्या आत नाहीशी होतात. मध्येच खरी छायाचित्रं येतात. दिग्दर्शक अकियुकी शिन्बो आणि तात्सुया ओइशी यांचं हे धाडस जपानबाहेरही नावाजलं गेलं. मला मात्र आपले चित्रकथी आठवले. चित्र हलत नाही. सांगणाऱ्याच्या जिभेनं ते चालतं.

एक सांगून ठेवतो. मुलींच्या शरीराकडे पाहण्याची या मालिकेची नजर जागोजागी खटकते. घरातल्या लहानांना घेऊन बसावं अशी ही मालिका नव्हे.

ही जोडी उपाय विचारायला ज्या जाणकाराकडे जाते, तो राहतो बंद पडलेल्या शिकवणी वर्गाच्या पडक्या इमारतीत. लातूरच्या ट्युशन एरियात ‘नीट’ची तयारी करणारी माझी नात यावर खळखळून हसली. मी तिचं हसू पाहत राहिलो.

तर या मुलीचं, हितागीचं, वजन गेलं कुठे? तिच्या आजारपणात आई एका भोंदू पंथाच्या नादी लागली, घर मोडलं. ते दुःख सोसवेना, तेव्हा खेकड्याच्या रूपातल्या एका दैवतानं ते उचलून नेलं, आणि त्याबरोबर वजनही. जपानीत ‘ओमोई’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ जड, दुसऱ्याचा मनातली भावना. आपण ‘जड अंतःकरणानं’ म्हणतो ते याहून फार वेगळं नाही. हितागी शेवटी देवापुढे डोकं टेकते. दुःख घालव, असं ती म्हणत नाही. माझं ओझं मला परत दे, म्हणते.

इथे मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर भागातल्या आमच्या शाखेत मयतांच्या खात्यांचे कागद रोज यायचे. एक बाई नवऱ्याबरोबरच्या जोडखात्याचं पासबुक घेऊन आली. म्हणाली, “साहेब, त्यांचं नाव राहू द्या की. व्याज पडतंय तवर माणूस हाय असं वाटतंय.” बरोबरचे लोक समजावत होते, ‘बाई, विसर आता, मन हलकं कर.’ नियमाप्रमाणे नाव कमी करणं भाग होतं. जुन्या पासबुकावर रद्दचा शिक्का मारून ते मी तिला परत दिलं. तिनं ते पदरात गुंडाळलं. हलकं होणं तिला नकोच होतं. तेव्हा तिला अडाणी म्हणणारे पुष्कळ होते. मला तीच शहाणी वाटली.

मालिकेतला सर्वांत सुंदर भाग बारावा. हितागी आपल्या मित्राला तारे दाखवायला नेते. गाडी चालवायला कोण, तर तिचे वडील! मागच्या सीटवर मुलगी त्याची थट्टा करते, पोरगा अवघडून जातो. मग दोघं गवतावर उताणी पडतात. वरचं आभाळ सोडलं, तर सारं निश्चल. ती एकेक तारकासमूह दाखवते आणि सांगते, तुला द्यायला माझ्यापाशी आहे ते एवढंच. त्यात हे वडील आणि हे तारेही आले. लहानपणी आई-वडिलांबरोबर ती इथेच येत असे.