मिशनचा छापखाना

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. त्याच साली मुंबईत जावजी दादाजींनी टाइप पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण वाचनालय काढायचे तर कपाटात ठेवायला छापील मराठी पुस्तके हवीत, आणि ती स्वस्तात, भरपूर मिळू लागली ती जावजींसारख्यांमुळे. हे जावजी धंदा शिकले अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, पोरवयात टाइप घासायच्या नोकरीवर. म्हणजे आपल्या गावोगावच्या वाचनालयांच्या वंशावळीत एक पूर्वज बोस्टनचा आहे. त्याचे नाव कुणी फारसे घेत नाही.

परदेशी धर्मप्रसारासाठी अमेरिकेत १८१० साली एक मंडळ निघाले, ठाणे बोस्टनला. सगळे त्याला नुसते ‘बोर्ड’ म्हणत. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते. पाद्रीही नकोत आणि अमेरिकन तर त्याहून नकोत, असा कंपनी सरकारचा पवित्रा. निघून जाण्याचा हुकूमही झाला. पण त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली, तीत मिशनऱ्यांना वाट मिळाली आणि हे टिकले.

होरेशिओ बार्डवेल हा छपाई जाणणारा पाद्री १८१६ मध्ये आला. यंत्र आणि नागरी टाइप कलकत्त्याहून आणवले. १० मार्च १८१७ रोजी आठ पानांची एक धर्मपुस्तिका छापून झाली, प्रती १५००. मराठीतले हे पहिले छापील पुस्तक नव्हे. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी व्याकरण १८०५ मध्येच काढले होते. पण श्रीरामपूर पडले बंगालात. मराठी बोलणारा माणूस ज्या रस्त्याने रोज जातो तिथे यंत्र आले, याला मी जास्त किंमत देतो.

कलकत्त्याचा टाइप थोराड होता, कागद खाई. तो बारीक करायचा तर अक्षर नव्याने कोरणे आले. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. मग पोलादाला पाणी द्यायचे, तो पंच तांब्याच्या पट्टीवर ठोकायचा, उमटलेल्या खोलगट ठशावर साचा बसवायचा आणि त्यात शिसे, अँटिमनी, कथलाचा रस ओतायचा. तेव्हा कुठे एक खिळा तयार. रोमन लिपीचे काम थोडक्यात आटोपते; नागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. पहिल्या वेलांटीचा फाटा शेजारच्या अक्षराला न घासता बसवणे ही खरी परीक्षा. ज्याने हाताने खिळे जुळवलेत त्याला विचारा, फाटा मोडलेली वेलांटी किती डोके खाते ते! हे काम मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी हाती घेतले आणि मराठी अक्षराला सुबक, आटोपशीर वळण दिले. जावजी लागले ते ग्रॅहमांच्या हाताखाली. पुढे राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कोरक्या मित्र सोबतीला मिळाला आणि १८६९ मध्ये जावजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. बायबलच्या टाइपावर हात बसवून आलेल्या या माणसाच्या छापखान्याने काशीच्या पंडितांनीही प्रमाण मानावीत अशी संस्कृत पुस्तके छापली.

त्याआधीची कथा गणपत कृष्णाजींची. जातीने भंडारी, शिक्षण बेताचे. मिशनमधली शिळाछपाई पाहून त्यांनी स्वतः यंत्र जुळवले, दगड मिळवले, शाई घोटली आणि पंचांग छापले. छापील कागद ओवळा, शाईत चरबी असते, अशी सोवळ्या लोकांना शंका. म्हणून त्यांनी शाईत तूप घातले अशी आठवण सांगतात. पाद्र्यांनी शुभवर्तमानासाठी आणलेल्या विद्येवर मुंबईकर एकादशी-संकष्टी पाहू लागले.

आता त्याच बोर्डाचे दुसरे टोक पाहा. ज्या १८१७ साली मुंबईत पहिली पुस्तिका निघाली, त्याच साली बोर्डाने चेरोकी लोकांच्या मुलखात मिशन थाटले. सेक्वोया या चेरोकी माणसाने एकट्याने आपल्या भाषेची लिपी घडवली होती. तिचे टाइप बोस्टनला पाडून घेतले आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघाले. आपल्या ‘दर्पण’च्या चार वर्षे आधी. संपादक चेरोकी होता, पाठीशी बोर्डाचे सॅम्युएल वुस्टर. पण जॉर्जिया राज्याला ती जमीन हवी होती. वुस्टर तुरुंगात गेले. १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो कुणी मानला नाही. १८३५ मध्ये राज्याच्या शिपायांनी छापखाना जप्त केला आणि तीन वर्षांनी चेरोकींना बंदुकीच्या धाकावर पश्चिमेला हाकलले. वाटेत हजारो मेले. वुस्टर आधीच पश्चिमेला गेले होते, तिथे त्यांनी पुन्हा यंत्र मांडले आणि छापले काय? चेरोकी पंचांग.

आणखी पश्चिमेला, ओरेगनकडच्या नेझ पर्स लोकांच्या मुलखात, लॅपवाईला, बोर्डाच्याच हवाईच्या मिशनने दिलेले जुने यंत्र १८३९ मध्ये पोचले. त्यांच्या भाषेतली पहिली पुस्तिका निघाली तीही आठ पानांची, प्रती ४००. पण तिथे पाद्र्यामागून वसाहतवाल्यांच्या बैलगाड्या आल्या. बोर्डाचेच मार्कस व्हिटमन १८४३ मध्ये जवळपास हजार माणसांच्या तांड्याला वाट दाखवत होते. गोवराची साथ आली, स्थानिकांची मुले पटापट गेली, आणि १८४७ मध्ये व्हिटमन पती-पत्नी मारले गेले. दुसऱ्याच वर्षी ओरेगन अमेरिकेचा अधिकृत प्रदेश झाला.

बोर्ड एक, यंत्रही तसेच, पाद्री कुठे चांगले कुठे हेकट. फरक पडला तो जमिनीमुळे. मुंबईत या अमेरिकनांच्या मागे त्यांचे सरकार नव्हते, शेत शोधणारे भाऊबंद नव्हते. राज्य दुसऱ्याचे, आणि तेही त्यांच्यावर फारसे खूश नसलेले. त्यामुळे इथे त्यांना देण्यासारखे जे होते ते म्हणजे शाळा, औषध आणि छपाई. लोकांनी ते घेतले आणि धर्माला बहुतेकांनी लांबूनच नमस्कार केला. आपण फार हुशार होतो म्हणून हे जमले, असे मला वाटत नाही. चेरोकीही हुशार होते.

हे हत्यार पाद्र्यांवरच उलटायलाही वेळ लागला नाही. आडनावाने चिपळूणचे आणि मुक्कामाने पुण्याचे विष्णुशास्त्री १८७४ पासून ‘निबंधमाले’त मिशनऱ्यांची सालटी काढत होते. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह छापखानाच विकत घेतला, तो आर्यभूषण; १८८१ मध्ये निघालेला ‘केसरी’ तिथलाच.

मिशनचे स्वतःचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले होते. विसाव्या शतकात त्याची मराठी बाजू आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावच्या एका चित्पावनाकडे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मिशनचा पगार घेतला, पण ख्रिस्ताची भक्ती केली ती अभंगात, तुकोबाच्या वाटेने. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. ‘ज्ञानोदया’तले लिखाण मात्र त्यांनी १९१९ मध्ये मरेपर्यंत सोडले नाही.