डास मारायचं मशीन : घ्यावं की न घ्यावं?

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत शेवटचा निबंध दहावीत लिहिला होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. तरी हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण मला ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी तो मराठीत विचारला होता.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. हॉस्टेलच्या रूमवर आम्ही तिघी आणि असंख्य डास. शेवटी वर्गणी काढली. मी ईएनटीसीची, म्हणजे रूमची 'टेक्निकल हेड', त्यामुळे खरेदी माझ्याकडे! ऑनलाइन सेलमध्ये मी तीन वस्तू घेतल्या: डास मारायची रॅकेट, जांभळ्या दिव्याचं मशीन आणि भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचं अल्ट्रासोनिक यंत्र. सगळं मिळून हजाराच्या आत. मग मी मोठ्या थाटात जाहीर केलं, "आता मच्छरदाण्या गुंडाळा!"

दीड महिन्याने माझ्या रूममेटला डेंग्यू झाला. पाच दिवस अ‍ॅडमिट, प्लेटलेट्स खाली, सबमिशन राहिलं, दोन ओरल बुडाल्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पण तिची आई हॉस्पिटलमध्ये सहज म्हणून गेली, "मशीन होतं ना गं तुमच्याकडे?" काकूंच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून हा लेख.

रॅकेट कशी चालते?

आधी रॅकेट, कारण तिच्यात आपला अभ्यासक्रमच भरलेला आहे. हँडलमध्ये छोटी रिचार्जेबल बॅटरी असते, जेमतेम ४ व्होल्टची. बटण दाबलं की ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर सुरू होतो, बारीकसा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, पुढे डायोड आणि कपॅसिटर ते आणखी चढवतात. जाळीपर्यंत पोचेस्तोवर हजाराच्या वर व्होल्ट झालेले असतात. आमच्या लॅबच्या मल्टिमीटरची मर्यादा १००० व्होल्ट, म्हणून मोजण्याचा मोह आवरला. तुम्हीही आवरा!

मग माणसाला काही होत कसं नाही? गणित करू. आमच्या रॅकेटच्या कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. १५०० व्होल्ट धरले, तर अर्धा गुणिले सी गुणिले व्हीचा वर्ग, उत्तर सुमारे ०.११ ज्यूल. शंभर ग्रॅमची वस्तू ११ सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच ऊर्जा. डासाचं वजन दोन-अडीच मिलिग्रॅम, त्याचा कारभार आटोपतो. आपल्याला सणसणीत चटका बसतो. मात्र लहान मुलं किंवा पेसमेकर असलेले आजोबा घरात असतील तर रॅकेट हाताला लागणार नाही अशी ठेवा.

जांभळा दिवा

ह्या मशीनमध्ये मारण्याची यंत्रणा साधारण तीच. फरक एवढाच की रॅकेट घेऊन आपण डासाकडे जातो, आणि इथे डासाने आपणहून यायचं असतं. मुद्दा इथेच आहे. डास येतो का?

आम्ही आठवडाभर रोज सकाळी ट्रे रिकामा करून पाहिला. पावसाळी बारीक किडे होते, एक-दोन पतंग होते. डास मात्र बोटांवर मोजण्याइतके. मला वाटलं आमचाच पीस खराब. पण अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या फ्रिक आणि टॅलमी यांनी १९९६ मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. घराबाहेर लावलेल्या अशा मशीनांत मेलेले १३,७८९ कीटक त्यांनी मोजले. त्यात चावणारे किती? फक्त ३१. म्हणजे पाव टक्कासुद्धा नाही! उलट जे कीटक दुसऱ्या किड्यांना खाऊन आपलं काम हलकं करतात, ते शेकड्यांनी मेले होते.

याचं कारण सोपं आहे. चावते ती मादी, अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून ती आपल्याला शोधते. दिव्याजवळ यातलं काय असतं? दिवा बिचारा ना श्वास सोडतो ना घामाघूम होतो. त्याच्या शेजारी आपण झोपलेलो असलो तर जास्त आकर्षक कोण, हे सांगायला नको.

माश्या मात्र अतिनील प्रकाशाकडे येतात, म्हणून मोठ्या किचनमध्ये असे दिवे दिसतात. पण तिथेही अन्नाजवळ चिकट कागदाचा सापळा बरा. जाळीवर माशी फुटते आणि तिचे कण आजूबाजूला उडतात.

अल्ट्रासोनिक यंत्र

हे तर फारच शांत स्वभावाचं निघालं. आवाज नाही, वास नाही, परिणामही नाही. एका संध्याकाळी डास चक्क त्या यंत्रावरच विसावलेला दिसला. तेव्हा रूममध्ये जो हशा पिकला, तेवढी वर्गणी वसूल!

माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून डास पळवायचे, अशी यामागची कल्पना. पण २००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा यंत्रांवरच्या दहा प्रत्यक्ष चाचण्या एकत्र तपासल्या. एकाही चाचणीत डास चावायचे कमी झाले नाहीत. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना इशारा दिला होता, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. तरी यंत्रं आजही मिळतात, आणि माझ्यासारखे घेतातही.

मग चुकलं कुठे?

रूममेट अ‍ॅडमिट असताना आरोग्य खात्याच्या ताई तपासणीला आल्या. मी त्यांना कौतुकाने मशीन दाखवली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. थेट गॅलरीत गेल्या आणि आमच्या बंद कूलरच्या टाकीत टॉर्च मारला. सीनियर्सकडून स्वस्तात घेतलेला तो कूलर उन्हाळ्यानंतर आम्हीच तिथे ढकलून ठेवला होता. पावसाचं पाणी साचलेलं, आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. आतमध्ये आम्ही एकेक डास मारत होतो आणि बाहेर फॅक्टरी चालू होती!

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस इजिप्ती, मुख्यतः दिवसा चावतो. सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी त्याचा जोर जास्त. आमची मशीन चालायची रात्री. लेक्चर संपल्यावर रूममेट जी तासभर झोप काढायची, तेव्हा ना मशीन चालू, ना मच्छरदाणी बांधलेली. मच्छरदाणी तर मीच गुंडाळायला लावली होती.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं आरोग्य खातं सांगतं. नुसतं पाणी ओतून भागत नाही बरं का. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. भांडं घासूनच काढायला हवं.

तर घ्यायचं काय?

रॅकेट घ्या. ती स्वस्त आहे, आणि जेवढं सांगते तेवढं करते. घेताना जाळी तीन पदरी आहे का बघा, बाहेरच्या पदरांमुळे बोटं वाचतात. चार्जिंगला लावलेली असताना बटण दाबू नका. स्वस्त रॅकेटमध्ये चार्जिंगचं सर्किट बहुधा मेनपासून वेगळं केलेलं नसतं. गॅसजवळ किंवा स्प्रे मारल्यावर लगेच वापरू नका, तिची ठिणगी खरी असते.

जांभळा दिवा डासांसाठी घेऊ नका. अल्ट्रासोनिक तर कशासाठीच नको.

आणि कुठलंही मशीन घेताना बॉक्सवरचे व्होल्ट बघून भुलू नका. मी नेमकी तिथेच फसले. मारायला किती व्होल्ट आहेत हे मी वाचलं, पण डास तिथपर्यंत येणार कसा, हे विचारलंच नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून!

रूममेट आता ठणठणीत आहे. राहिलेल्या ओरल तिने नंतर दिल्या. दर रविवारी आम्ही तिघी बादल्या, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या घासतो. ब्रश माझ्या हातात असतो, आणि तो कोणी मागतही नाही.

काकूंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे गं. मच्छरदाणी बांधता ना आता?"

बांधतो, काकू. दुपारीसुद्धा.